पाणीगेटबाहेरचं ‘माछलीनो खोराक’ : दोन पावसाळ्यांचा अनुभव

पाणीगेटमधून बाहेर पडून वाघोडिया रोडला लागलात की पशुखाद्याच्या गोदामांच्या रांगेत दीड खणाचं एक दुकान आहे. पाटीवर मालकाचं नाव नाही, ‘माछलीनो खोराक’ एवढंच गुजरातीत रंगवलंय. आम्ही त्याला काकांचं दुकान म्हणतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या हौदातलं मत्स्यबीज तगलं ते बऱ्याच अंशी या दुकानामुळे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. बडोद्याच्या आसपास शेततळं करणाऱ्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा.

आम्ही बडोद्यातल्या वाडी भागात राहतो. डभोईच्या अलीकडे सासऱ्यांची जमीन आहे. तिथे १० बाय ५ मीटरचे सिमेंटचे दोन हौद आणि त्यांच्या पलीकडे पाऊण एकराचं तळं. घर सीकेपी, मासा म्हणजे आमच्याकडे जीव की प्राण, पण समुद्राचा. सासूबाई मूळच्या अलिबागकडच्या. रोहू-कटल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या माशांना चिखलाचा वास येतो म्हणून त्या अजूनही ताटात घेत नाहीत. तरी भाऊजींनी आणि मी तीन वर्षांपूर्वी ठरवलं की बाहेरून बोटुकली विकत घेण्यापेक्षा जिरे आणून आपल्याच हौदात वाढवायचे. नव्या लोकांसाठी सांगते: अंड्यातून निघून तीन दिवस झालेलं, पोटावरची पिवळी पिशवी संपवून तोंड उघडलेलं पिल्लू म्हणजे जिरं. ते इंचभर झालं की बीज, आणि बोटाएवढं झालं की बोटुकली.

पहिल्या वर्षी आम्ही खाद्य दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडून घेतलं. पद्धत जुनीच होती, शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समसमान. इथल्या भाषेत खोळ आणि कुशकी. पद्धतीत चूक काही नाही, निम्म्या देशाचं मत्स्यबीज त्यावर वाढलंय. चूक मालात होती. पोतं फोडलं तेव्हा खोळीचे ढेकळासारखे गोळे निघाले, एका बाजूला हिरवट-करडी बुरशी होती आणि कुशकीला खवट तेलाचा वास येत होता. व्यापारी म्हणाला, ‘मासे काय वास घेतात?’ भाऊजींनी गोळे फोडून उन्हात वाळवले आणि आम्ही तेच घातलं. एक लाख जिऱ्यांतून विसाव्या दिवशी जेमतेम १८ हजार बीज हाती आलं. तेही एका मापाचं नव्हतं. काही इंचभर, तर काही अजून मुगाएवढं. बऱ्याच पिल्लांची पाठ शेपटीजवळ वाकलेली होती. पांढऱ्या इनॅमलच्या परातीत पाणी घेऊन त्यात ती सोडली, तर सरळ पोहायच्या ऐवजी एका बाजूला कलंडत गोल फिरत होती. ती परात मी आजही विसरलेले नाही.

शेंगदाण्याच्या पेंडीवर ओल बसली की अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते, हे मला नंतर कळलं. या विषाचा शोधच खाद्यातून लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखभर पिल्लं मेली आणि बोट वळलं ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीकडे. त्याच सुमारास अमेरिकेतल्या ट्राउट माशांच्या हॅचरींमध्ये (अंडी उबवून पिल्लं काढण्याच्या केंद्रांमध्ये) यकृताच्या गाठींची साथ आली, तिचं मूळही पुढे अफ्लाटॉक्सिनवर येऊन थांबलं. तिथे ते सरकीच्या पेंडीत होतं. उन्हात वाळवून बुरशी मरते, पण तिने आधीच सोडलेलं विष तसंच राहतं. आम्ही वाळवलं म्हणजे शुद्ध केलं, असं समजून बसलो होतो.

काकांच्या दुकानात पहिल्यांदा गेले ती या पार्श्वभूमीवर. मला वाटलं, चांगल्या कंपनीचं एक पोतं मागायचं आणि निघायचं. काकांनी पोतं दाखवायच्या आधी तीन प्रश्न विचारले. जिरे किती दिवसांचे? हौदात किती सोडणार? पाण्याला रंग आला का? रंगाचं काही मला सांगता येईना, तर त्यांनी परत पाठवलं. म्हणाले, ‘बेन, पहेलां मोढुं जुओ, पछी दाणो लो.’ आधी तोंड बघा, मग दाणा घ्या. धंदा सोडून गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी फार पाहिलेला नाही.

त्यांच्या बोलण्याचा अर्थ हौदावर कळला. तीन दिवसांच्या पिल्लाचं तोंड इतकं बारीक असतं की बाजारातला सगळ्यात लहान दाणाही त्यात मावत नाही. सुरुवातीला ते पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव खातं, रोटिफर आणि त्याहून थोडे मोठे पाणपिसू. रोहू मोठा झाला की शेवाळ आणि वनस्पतीकडे वळतो, पण त्याचं पिल्लू मांसाहारीच असतं. आतडंही आखूड असतं; वय वाढेल आणि खाणं बदलेल तसं ते लांबत जातं. रोहू-कटल्याला पोट असं नसतंच, घास थेट आतड्यात जातो. म्हणून एकदाच ढीगभर घालून चालत नाही, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. आईला तान्ह्या बाळाचं जे कळतं, तेच हे.

तेव्हा आधी पाणी तयार करायचं. काकांनी वहीच्या पानावर हिशेब करून दिला. हेक्टरी ७५० किलो शेंगदाणा पेंड, २०० किलो शेण आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट हे प्रमाण. आमच्या ५० चौरस मीटरच्या एका हौदाला पावणेचार किलो पेंड, एक किलो शेण आणि पाव किलो सुपर फॉस्फेट. सगळं एकत्र भिजवून, गाळून, अर्धं जिरे सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी आणि उरलेलं पुढे हप्त्याहप्त्याने. यात सगळा माल त्यांच्या दुकानाचा नव्हता. शेण आमच्याच गोठ्यातलं, सुपर फॉस्फेट दुसऱ्या दुकानातलं. तिसऱ्या दिवशी पाणी कोवळ्या हिरव्या रंगावर आलं. दाट कापडातून ५० लिटर पाणी गाळलं तर नळीच्या तळाशी दीड मिलिलिटरभर गाळ बसला, आणि भिंग धरलं तर तो गाळ वळवळत होता. मला त्या क्षणी फार समाधान वाटलं.

मग दुकानातून घेतलं ते पावडर खाद्य. इथे लेबलाबद्दल लिहिते, कारण काकांनी मला लेबल वाचायला शिकवलं. पोत्यावर प्रथिनं ठळक अक्षरात असतात: ४० टक्के, ३२ टक्के, २८ टक्के. लहान पिल्लाला प्रथिनं जास्त लागतात हे खरंच आहे. जिऱ्याचं वजन दीड मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि विसाव्या दिवशी इंचभर बीज त्याच्या शंभर पटीहून जास्त भरतं. एवढं अंग उभं करायला प्रथिनंच हवीत. पण लेबलावरचा आकडा प्रथिनं मोजून काढलेला नसतो. खाद्यातला नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. म्हणजे कुणी युरिया मिसळला तरी आकडा चढतो आणि पिल्लाच्या अंगी काहीच लागत नाही. म्हणून काका म्हणतात, आकड्याखालची घटकांची ओळ वाचा. फिशमील (सुक्या माशांची भुकटी) आहे का, सोया आहे तर भाजलेला आहे का. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेने निकामी होतो. नुसत्या शेंगदाणा पेंडीत लायसिन आणि मिथिओनिन ही दोन अमिनो आम्लं कमी पडतात. माशाला दहा अमिनो आम्लं खाण्यातूनच मिळावी लागतात आणि त्यातलं एक जरी तोकडं पडलं तरी बाकीच्यांचा पुरता उपयोग होत नाही. उरलेला नत्र अमोनिया होऊन पाण्यात येतो. खाद्य महाग आणि पाणी खराब, असं दुहेरी नुकसान.

उत्पादनाची तारीख पोत्याच्या शिलाईजवळ बारीक छापलेली असते. काका ती बोटाने दाखवून देतात आणि तीन महिन्यांपेक्षा जुना माल पिल्लांसाठी देत नाहीत. मी कारण विचारलं तर ‘विटामिन सी’ म्हणाले. बहुतेक माशांना ‘क’ जीवनसत्त्व आपल्यासारखंच शरीरात तयार करता येत नाही, आणि साधं ‘क’ जीवनसत्त्व साठवणीत उडून जातं. ते कमी पडलं की वाढत्या पिल्लाचा कणा वाकतो. ऐकताना मला ती इनॅमलची परात आठवली. पाठ वाकण्याला इतर कारणंही असतात, त्यामुळे आमच्या पहिल्या वर्षाचं खापर मी एकट्या खाद्यावर फोडणार नाही. पण खवट कुशकी आणि बुरशीची खोळ यांतून त्या पिल्लांना जीवनसत्त्वं मिळाली असतील, असंही मानवत नाही. कुशकीचं तर असं की भात कांडून ती गिरणीतून बाहेर पडली की तिच्यातलंच एक विकर (एन्झाइम) तेल फोडायला लागतं आणि थोड्या दिवसांत ती खवट होते. ताजी घ्या नाहीतर घेऊ नका.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोन हौदांत दोन खाद्यं घालून पाहिली. दोन्हींत ५०-५० हजार रोहूचे जिरे, एकाच हॅचरीचे, एकाच दिवशी आणलेले. पहिल्या हौदात काकांनीच दिलेली ताजी खोळ आणि ताजी कुशकी, मैद्याच्या चाळणीने चाळून. दुसऱ्यात पावडर खाद्य आणि दहाव्या दिवसापासून अर्ध्या मिलिमीटरचं क्रम्बल, म्हणजे भरडलेलं दाणेदार खाद्य. मात्रा दोन्हीकडे सारखीच: पहिले पाच दिवस जिऱ्यांच्या वजनाच्या चौपट, म्हणजे ५० हजारांना रोज ३०० ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि पुढे त्या मात्रेच्या दुप्पट. एवढ्याशा जिवाला त्याच्या वजनाच्या चौपट खाद्य ऐकून भाऊजी हबकले होते. पण त्यातलं बरंचसं पाण्यात विरघळून पाण्याचंच खत होतं, आणि पिल्लंही झपाट्याने वाढत असतात.

रोज सकाळी सहाला गाळणीने थोडी पिल्लं वर काढून मी परातीत सोडायची. या वयात अंग काचेसारखं पारदर्शक असतं. भिंगातून पाहिलं की पोटातली खाण्याची रेघ स्पष्ट दिसते. पहिल्या हौदातल्या पिल्लांची रेघ बहुतेक हिरवट-तपकिरी, म्हणजे ती जास्त पाण्यातलंच खात होती. दुसऱ्या हौदात ती सातव्या दिवसापासून फिकट बदामी झाली, खाद्याच्या रंगाची. ज्यांच्या पोटात रेघच नाही अशी पिल्लं दुसऱ्या हौदात फार थोडी होती. खाद्य घातल्यावर पोट भरलं की नाही हे इतकं समोर दिसतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर पहिलं वर्ष वाया गेलं नसतं.

विसाव्या दिवशी मोजणी केली. पहिल्या हौदात सुमारे १७ हजार, लांबी २० मिलिमीटरच्या आसपास. दुसऱ्यात सुमारे २४ हजार, लांबी २५ ते २६. वाकड्या पाठीची पिल्लं दोन्हीकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: पहिल्या हौदावर दुपारनंतर लिंबाची सावली येते, दुसऱ्यावर येत नाही. थंड पाण्यात मासे कमी खातात, तेव्हा थोडा फरक सावलीचाही असेल. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. साधी खोळ-कुशकी, पण ताजी आणि चाळलेली, हिने सोडलेल्या जिऱ्यांच्या प्रमाणात पहिल्या वर्षापेक्षा जवळपास दुप्पट बीज दिलं. पावडर खाद्य खोळीच्या दुप्पट भावाचं आहे. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी निदान ताजी खोळ घ्यावी, आणि ताजी मिळत नसेल तर पाणी हिरवं ठेवण्यावर भर द्यावा, असं माझं मत झालंय.

काकांशी माझा एकदा वादही झाला. आंध्रात मासे पाळणारे लोक बोटुकल्या मुद्दाम दाटीने आणि अर्धपोटी ठेवतात, वर्षभर खुजं बीज सांभाळतात आणि मग तळ्यात सोडतात. तिथे मोकळी जागा आणि भरपूर खाणं मिळालं की ते मासे मागची वाढ भरून काढतात. मी म्हटलं, मग आपण लहानपणी एवढा खर्च का करायचा? काका म्हणाले, ते बीज पूर्ण घडलेलं असतं, कणा, पर, खवले सगळं झालेलं, त्याला फक्त थांबवून ठेवतात. जिऱ्याचं अंग अजून घडायचं असतं, तेव्हा जे राहून जातं ते पुढे भरून निघत नाही. मला हे पटलं. उपाशी राहिलेलं पोर नंतर जेवतं, पण हाडात राहिलेली खोट जेवणाने जात नाही.

आता दुकानाच्या उण्या बाजू. पहिली म्हणजे सुटं खाद्य. २५ किलोचं पोतं लहान हौदवाल्याला नको असतं, म्हणून काका फोडून दोन-पाच किलो देतात. सोय मोठी आहे, पण प्लॅस्टिकच्या पिशवीवर तारीख नसते आणि पोतं कधी फुटलं ते गिऱ्हाइकाला कळत नाही. मी सांगितल्यावर ते पिशवीवर स्केचपेनने तारीख लिहून देऊ लागले, पण मागितलं तरच. दुसरी, क्रम्बलमधला चुरा. श्रावणात घेतलेल्या पाच किलोंत मूठ-दीड मूठ नुसती धूळ निघाली. पोत्याचा तळ माझ्या वाट्याला आला होता. ती धूळ पिल्लं खात नाहीत, तळाला बसून सडते आणि दोन दिवसांत पहाटे पिल्लं पृष्ठभागावर तोंड काढून हवा घ्यायला लागतात. काकांनी बदलून दिलं, काही न बोलता. पण तिथवर जाऊन येण्यात अर्धा दिवस गेला आणि हौदाचं एक तृतीयांश पाणी बदलावं लागलं. तिसरी, उधारी नाही आणि घरपोचही नाही. ही माझी तक्रार नाही, पण डभोईकडून येणाऱ्याने हिशेबात धरावं.

दुकानात फोनवरून सल्ला देतात, तो मोफत. हौदात पाठीवर पोहणारे काळे किडे झाले तेव्हा मी रात्री नऊला फोन केला होता. हे किडे जिरे पकडून त्यांचा रस शोषतात. साबण आणि खाद्यतेलाचं मिश्रण पाण्यावर पसरायचं, वर श्वास घ्यायला आलेले किडे त्या थराखाली गुदमरतात. पिल्लं पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर असल्याने वाचतात. हे करायचं जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी, आम्ही उशीर केला होता. तरी त्यांनी वारा पडलेली वेळ बघून कमी मात्रेत करायला सांगितलं आणि निभावलं. पाणकावळ्यांवर मात्र त्यांच्याकडे उपाय नाही. वढवाणाचं पक्ष्यांचं तळं आमच्यापासून लांब नाही, हिवाळ्यात तिथले पक्षी आमच्या तळ्यावरही उतरतात. जाळं बांधायचं, दुसरं काय.

काउंटरच्या मागे एक जुनं कॅलेंडर लावलंय, १० जुलैला लाल गोल केलेला. १९५७ साली त्या तारखेला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरींनी माशाच्या मेंदूतल्या पियुष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशांचं, प्रजनन घडवून आणलं. त्याआधी जिरे नदीच्या पुरातून गोळा करावे लागत आणि त्यांत कुठल्या माशाचे किती हे कळत नसे. आज आपण हॅचरीत जाऊन ‘रोहूचे एक लाख द्या’ म्हणतो ते त्या दिवसामुळे. तो दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, आणि काका त्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला चहा पाजतात. यंदा मी होते.

जाणाऱ्यांसाठी: दुकान सकाळी दहाच्या आधी उघडत नाही, दुपारी एक ते चार बंद. जून-जुलैत गर्दी असते, तेव्हा मंगळवार-बुधवार बरा. सुटं घेतलंत तर पिशवीवर तारीख लिहून मागा आणि मूठभर माल तिथेच कागदावर ओतून चुरा किती ते बघा, काका रागावत नाहीत. जाताना बाटलीत हौदाचं पाणी आणि चार-पाच पिल्लं घेऊन जा. ते बाटली उजेडात धरतात, पिल्लाच्या तोंडाकडे बघतात आणि मगच मागच्या फळीवरचा डबा काढतात.